लंडन आणि टोकियो : दोन नगरांचा नित्यक्रम

परदेशचा प्रवास करून आलेला गृहस्थ लंडनहून आला असेल तर राजवाड्यावरचा पहारा आणि टेम्स नदीवरचा पूल यांची गोष्ट सांगतो. टोकियोहून आला असेल तर उंच मनोरे, देवळे आणि वाऱ्याशी शर्यत करणारी आगगाडी यांची. ऐकणाऱ्यांची करमणूक होते. पण ज्या माणसाला त्या नगरात रोज वेळेवर कचेरी गाठावयाची आहे, घरातला कचरा बाहेर टाकावयाचा आहे, मुलाला शाळेत धाडावयाचे आहे आणि शेजाऱ्याशी जमवून घ्यावयाचे आहे, त्याचे आयुष्य कसे चालते हे त्या गोष्टींवरून कळत नाही. पु. ल. देशपांडे यांनी ‘अपूर्वाई’त लंडन आणि ‘पूर्वरंग’मध्ये जपान मराठी वाचकांच्या घरात आणून ठेवले आहे, तेव्हा त्या नगरांची शोभा मी पुन्हा वर्णन करणार नाही. घर, पत्ता, आगगाडी, सांडपाणी, कचरा आणि शेजार अशा साध्या गोष्टी घेऊन ही दोन नगरे रोजचा दिवस कसा काढतात, आणि तसाच का काढतात, एवढेच आज पाहू.

प्रथम आकारमान लक्षात घेऊ. लंडन महानगराची वस्ती सुमारे नव्वद लाख आहे. टोकियोच्या महानगर शासनाखाली सुमारे एक कोटी चाळीस लाख लोक राहतात, आणि त्याला जोडून गेलेली भोवतालची शहरे धरली तर हा आकडा साडेतीन कोटींच्या पुढे जातो. २०२१ च्या खानेसुमारीप्रमाणे लंडनमधील दर दहा माणसांपैकी चार माणसे परदेशात जन्मलेली आहेत. टोकियोत परदेशी रहिवाशांचे प्रमाण शेकडा पाचाच्या आसपास. म्हणजे एक नगर नाना देशींच्या अनोळखी माणसांचे, तर दुसरे पुष्कळसे एकाच भाषेचे आणि एकाच रीतीचे. हा फरक महत्त्वाचा खराच. परंतु त्यांच्या सवयींचा सगळा उलगडा त्याने होत नाही. त्यासाठी साडेतीनशे वर्षे मागे जावे लागते.

टोकियोचे जुने नाव एडो. १६५७ च्या मार्च महिन्यात या एडो नगरात आग लागली आणि दोनतीन दिवसांत अर्ध्याहून अधिक नगर जळून गेले. मेलेल्यांची संख्या लाखाच्या घरात होती असे सांगतात. त्यानंतर नऊ वर्षांनी, २ सप्टेंबर १६६६ रोजी, लंडनमध्ये पुडिंग लेन नावाच्या गल्लीतील एका भटारखान्यात आग लागली, आणि चार दिवसांत तेरा हजारांवर घरे व सत्त्याऐंशी चर्चे भस्मसात झाली. दोन्ही नगरे लाकडाची, दोन्हींतल्या गल्ल्या अरुंद, दोन्ही वेळी वारा बेफाम. संकट एकच, पण त्यातून दोघांनी घेतलेले धडे मात्र निराळे निघाले.

लंडनने कायदा केला. यापुढे घर बांधावयाचे तर विटांचे किंवा दगडांचेच; भिंतीची जाडी किती, मजले किती, रस्ता किती रुंद हे सर्व १६६७ च्या कायद्याने ठरले, आणि दोन घरांमधील सामाईक भिंतीचे नियमही त्यात आले. एडोने मोकळ्या रुंद पट्ट्या सोडल्या, देवळे व वाडे दूर हलविले, पुढे मोहल्ल्यामोहल्ल्यांतून आग विझविणारी पथके उभी केली. घरे मात्र पुन्हा लाकडाचीच बांधली. हे अडाणीपणाने झाले असे कोणी समजू नये. लाकूड स्वस्त होते आणि घर लवकर उभे राहत असे हे तर खरेच. पण जेथे पायाखालची जमीन वारंवार हलते तेथे विटेची भिंत हाच एक धोका असतो.

याची परीक्षा पुढे झाली, आणि गंमत अशी की ती लंडनच्याच नमुन्यावर झाली. १८७२ साली टोकियोचा गिन्झा भाग आगीत जळाला. नव्या राजवटीला युरोपचे वेड होते. टॉमस वॉटर्स नावाच्या ब्रिटिश अभियंत्याच्या हाती काम देऊन सरकारने तेथे विटांच्या इमारतींचा, कमानींचा, दिव्यांचा रुबाबदार रस्ता उभारला. घरे दमट निघाली, लोक तेथे राहावयास कुरकुरू लागले. तरी रस्ता नावारूपास आला. मग १ सप्टेंबर १९२३ रोजी सकाळी अकरा वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी भूकंप झाला. दुपारच्या जेवणाची वेळ, घरोघरी चुली पेटलेल्या. भूकंपापाठोपाठ आग भडकली, एक लाखाहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि तो विटांचा गिन्झाही नष्ट झाला. बावीस वर्षांनी, १० मार्च १९४५ च्या रात्री, युद्धातील बाँबवर्षावाने सुमारे एक लाख माणसे पुन्हा त्याच नगरात जळून मेली.

आता या इतिहासाचा आजच्या घराशी काय संबंध, ते पाहा. लंडनमधील मध्यम स्थितीतला माणूस ज्या घरात राहतो ते पुष्कळदा त्याच्या पणजोबाच्या काळातले असते. विटांच्या घरांची लांबच लांब रांग, भिंतीला भिंत लागलेली. घर जुने झाले म्हणून पाडावयाचे, ही कल्पनाच त्याला रुचत नाही. उलट जुनेपणाने किंमत वाढते. सामाईक भिंतीला हात लावावयाचा तर शेजाऱ्याला आगाऊ लेखी सूचना द्यावी लागते, आणि त्याची संमती नसेल तर तज्ज्ञ नेमून वाद मिटवावा लागतो. आज चालू असलेला कायदा १९९६ चा आहे, पण त्याचे मूळ त्या आगीपर्यंत जाते. टोकियोत दोन घरांमध्ये भिंत सामाईक नसते; मध्ये हातभर फट असते. सरकारी करआकारणीच्या हिशेबात लाकडी राहत्या घराचे आयुष्य बावीस वर्षे धरले आहे. जमिनीला किंमत असते. घराला ती दिवसेंदिवस कमी होते. जून १९८१ मध्ये भूकंपाला टिकाव धरणाऱ्या बांधणीचे कडक नियम आले, तेव्हापासून घर भाड्याने किंवा विकत घेणारा पहिला प्रश्न विचारतो तो हाच, की बांधणी त्या सालाच्या आधीची की नंतरची?

याचा परिणाम खिशावर होतो. लंडनभोवती हिरवा पट्टा राखण्याचा कायदा १९३८ साली झाला, आणि १९४७ च्या नगररचना कायद्याने प्रत्येक नव्या बांधकामाला स्थानिक सभेची परवानगी आवश्यक झाली. त्यामुळे उद्याने राहिली, जुन्या गल्ल्या राहिल्या. पण घरे मागणीच्या मानाने फारच थोडी बांधली गेली, आणि भाड्याने राहणाऱ्या तरुणाच्या मिळकतीचा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक घरभाड्यात जाऊ लागला. टोकियोत कोणत्या विभागात काय बांधता येईल हे देशाच्या कायद्याने ठरते. नियमात बसणारी इमारत शेजाऱ्याला आवडो वा न आवडो, उभी राहते. त्यामुळे खोल्या लहान असल्या तरी मिळतात. मात्र काल पाहिलेली गल्ली उद्या तशीच सापडेल याची खात्री नसते. १९७२ साली बांधलेली नाकागिन नावाची प्रसिद्ध इमारत, जिच्यातील खोल्या डब्यांसारख्या एकावर एक अडकविल्या होत्या, ती २०२२ साली पाडून टाकली. लंडनमध्ये अशा इमारतीसाठी निदान दहा वर्षे वाद चालला असता.

समजा, आपल्यापैकी एखादे गृहस्थ हातात पत्त्याचा कागद घेऊन या दोन नगरांत उतरले. लंडनमध्ये रस्त्याला नाव आहे, घराला क्रमांक आहे, आणि रस्त्याच्या पाटीवर बहुधा टपालविभागाची अक्षरेही आहेत. दिशांवरून हे विभाग १८५७-५८ च्या सुमारास पाडले गेले. एकाच नावाचे अनेक रस्ते असल्याने पत्रे भलतीकडे जात, म्हणून ही व्यवस्था. आपल्या गृहस्थांना कोणालाही न विचारता घर सापडते. टोकियोत मात्र बहुतेक रस्त्यांना नावेच नाहीत. तेथे मोहल्ल्याला नाव, मोहल्ल्यातील भागाला क्रमांक, भागातल्या चौकटीला क्रमांक आणि चौकटीतल्या घराला क्रमांक. १९६२ च्या कायद्याने ही पद्धत पुष्कळ सुधारली. त्याआधी शेजारच्या दोन घरांचे क्रमांक परस्परांपासून कितीही दूर असत. आज खिशातल्या फोनवर नकाशा असतो म्हणून अडचण उरली नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या टोकियोकर पत्ता शोधीत ते कोपऱ्यावरच्या पोलीस चौकीत. या चौक्यांची पद्धत १८७४ पासूनची आहे. आजही नगरात आठशेंहून अधिक चौक्या आहेत, आणि वाट दाखविणे हे तेथील शिपायाचे नित्याचे काम आहे. लंडनचा पत्ता असा आहे की माणसाला माणसाची गरज पडू नये. टोकियोचा असा की गरज पडावीच.

आता सकाळची आगगाडी घेऊ. जगातील पहिली भुयारी आगगाडी १० जानेवारी १८६३ रोजी लंडनमध्ये सुरू झाली, तीही वाफेच्या इंजिनावर. टोकियोतली पहिली ३० डिसेंबर १९२७ रोजी उएनो ते असाकुसा धावली. दोन्ही नगरांत लोक रांग लावतात. सरकत्या जिन्यावर लंडनकर उजवीकडे उभा राहतो, टोकियोकर डावीकडे. गर्दीच्या बाबतीत टोकियोची बरोबरी कोणी करू नये. शिंजुकू स्थानकातून दिवसाला तीस लाखांहून अधिक उतारू जा-ये करतात. या गर्दीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. डब्यात स्त्रियांना होणारा त्रास इतका वाढला, की सन २००० नंतरच्या काळात गर्दीच्या वेळी स्त्रियांसाठी वेगळे डबे ठेवणे भाग पडले.

परंतु मला आपले लक्ष वेधावयाचे आहे ते एका लहानशा कागदाकडे. टोकियोत गाडीला उशीर झाला तर रेल्वे उतारूला उशिराचा दाखला देते. पूर्वी दारावर कर्मचारी तो वाटीत उभे असत, आता तो फोनवरही मिळतो. हा दाखला कचेरीत दाखविला म्हणजे उशीर माणसाच्या नावावर लागत नाही. लंडनमध्ये भुयारी गाडीला रेल्वेच्या चुकीने पंधरा मिनिटे वा अधिक उशीर झाला तर उतारू अर्ज करून भाडे परत मागू शकतो. रेल्वे तीच, उशीर तोच. एके ठिकाणी माणसाची अब्रू सांभाळली जाते, दुसऱ्या ठिकाणी त्याचा हक्क. ही दोन नगरे समजून घ्यावयास एवढे उदाहरण पुरे आहे, असे मला वाटते.

सांडपाण्याची गोष्टही अशीच बोलकी आहे. एडो नगरात मैला ही फुकट घालविण्याची वस्तू नव्हती. आसपासचे शेतकरी तो खत म्हणून विकत घेत आणि त्याचे पैसे घरमालकाला मिळत. त्यामुळे नदी पुष्कळशी स्वच्छ राहिली. लंडनने मात्र तो टेम्समध्ये सोडला आणि तेच पाणी पुन्हा प्यायला. १८५४ साली सोहो भागात पटकी पसरली तेव्हा जॉन स्नो या डॉक्टराने ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पंपाकडे बोट दाखविले. १८५८ च्या उन्हाळ्यात नदीला इतकी दुर्गंधी सुटली, की काठावरच्या पार्लमेंटात सभासदांना बसवेना. मग मात्र कायदा झपाट्याने झाला आणि जोसेफ बॅझलगेट या अभियंत्याने नगराखालून प्रचंड गटारे बांधली. ती आजही वापरात आहेत. पण वस्ती वाढली, पाऊस झाला की गटारे नदीत सांडू लागली. म्हणून पंचवीस किलोमीटर लांबीचे नवे भुयार बांधावे लागले, ते २०२५ साली पूर्णपणे चालू झाले. टोकियोत खताची मागणी संपली, मैला विकला जाईना, आणि गटारांचे जाळे मध्य नगरात सर्वत्र पोहोचावयास विसाव्या शतकाची अखेर उजाडली. पूर्वीच्या चांगल्या व्यवस्थेवर विसंबून राहणारा मागे पडतो, असा हा धडा आहे.

कचऱ्याने तर टोकियोत युद्धच पेटविले. साऱ्या नगराचा कचरा घेऊन रोज हजारो गाड्या कोतो या पूर्वेकडील विभागातून समुद्रकाठच्या भरावाकडे जात. त्या भरावाचे नाव ‘युमेनोशिमा’, म्हणजे स्वप्नांचे बेट! १९६५ च्या उन्हाळ्यात तेथे माशांची इतकी पैदास झाली, की उपाय म्हणून बेटावरच आग लावावी लागली. कोतोच्या रहिवाशांनी विचारले, कचरा सगळ्यांचा, मग घाण आमच्याच वाट्याला का? १९७१ साली राज्यपाल मिनोबे यांनी ‘कचऱ्याविरुद्ध युद्ध’ जाहीर केले; प्रत्येक विभागाने आपला कचरा आपल्याच हद्दीत जाळावा असे ठरू लागले. पश्चिमेकडील सुगिनामी हा सुखवस्तू विभाग भट्टी नको म्हणून अडून बसला, तेव्हा १९७३ साली कोतोच्या लोकांनी सुगिनामीच्या गाड्या रस्त्यातच अडविल्या. १९७४ साली तडजोड झाली आणि पुढे सुगिनामीत भट्टी उभी राहिली. आज टोकियोतील गृहिणी जळणारा, न जळणारा आणि पुन्हा वापरावयाचा असा कचरा निवडून ठरलेल्या वारी ठरलेल्या जागी ठेवते, वर कावळ्यांसाठी जाळी घालते, आणि पुष्कळ ठिकाणी ती जागा झाडण्याची घरोघर पाळी असते. हे जपानी माणसाच्या रक्तातच आहे असे आपण समजतो. रक्तात काही नव्हते. रस्त्यात अडविलेल्या गाड्यांनी ते शिकविले.

या ‘पाळी’ शब्दावर क्षणभर थांबू. टोकियोच्या नित्यक्रमाचे मर्म या शब्दात आहे. तेथे मोहल्ल्याचे मंडळ असते. मंडळाच्या सूचना एका पाटीला लावून ती पाटी घरोघर फिरते. वाचावयाची, आपला शिक्का मारावयाचा आणि शेजारी द्यावयाची. आता सभासद घटले, तरुण कुटुंबे मंडळात येईनाशी झाली, आणि पुष्कळ ठिकाणी पाटीची जागा फोनने घेतली. तरी रीत टिकून आहे. शाळेत मुले आपला वर्ग आपण झाडतात आणि पाळीपाळीने जेवण वाढतात. सहासात वर्षांची मुले पाठीवर दप्तर टाकून आपली आपण शाळेत चालत जातात, कारण वाटेवरच्या दुकानदाराला आणि चौकीतल्या शिपायाला त्यांच्यावर लक्ष ठेवणे हेही आपलेच काम वाटते. संध्याकाळी बहुतेक विभागांत खांबांवरच्या कर्ण्यांतून एक संथ सूर वाजतो आणि खेळणारी मुले घरी वळतात. तो सूर मुलांसाठी वाजतो असे वाटते. वस्तुतः भूकंपाच्या वेळी सूचना देणारी यंत्रणा चालू आहे की नाही याची ती रोजची तपासणी असते. १९२३ च्या भूकंपाची तारीख, १ सप्टेंबर, ही १९६० पासून आपत्तिनिवारणाचा दिवस म्हणून पाळली जाते आणि शाळांतून, कचेऱ्यांतून कवायती होतात. नगराने आपले दुःख असे दिनक्रमात विणून ठेवले आहे.

लंडनच्या नित्यक्रमाचे मर्म ‘हरकत’ या शब्दात आहे. तेथे फिरती पाटी नाही. दिव्याच्या खांबाला बांधलेली सूचना आहे. अमुक घराचा मालक अमुक बदल करू इच्छितो, कोणाची हरकत असल्यास मुदतीत कळवावे. टोकियोची पाटी विचारते, ‘वाचलेत ना?’ लंडनचा खांब विचारतो, ‘मान्य आहे ना?’ याचा अनुभव महाराष्ट्राने घेतला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर विद्यार्थी असताना १९२१-२२ मध्ये उत्तर लंडनमधील किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाच्या घरात राहिले होते. महाराष्ट्र शासनाने ते घर २०१५ साली विकत घेऊन स्मारक केले. परंतु राहत्या घराचे संग्रहालय करण्यास स्थानिक सभेची परवानगी घेतलेली नव्हती. काही शेजाऱ्यांनी गर्दी आणि गोंगाट होतो म्हणून हरकत घेतली. राहण्याची जागा कमी होते या कारणानेही सभेने २०१८ साली परवानगी नाकारली. २०१९ मध्ये रीतसर चौकशी झाली, दोन्ही बाजूंनी साक्षी झाल्या, आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश मंत्र्याने स्मारकाच्या बाजूने निर्णय दिला. एका परकीय राज्याचे शासन आणि गल्लीतला एक शेजारी यांना तेथे एकाच अर्जाच्या नमुन्यावर बोलावे लागले, यात लंडनचे थोरपण आहे. ज्या महापुरुषाने पुढे आपल्या देशाला लिखित हक्क मिळवून दिले त्याचे स्मारक अशा मार्गाने उभे राहावे, हेही उचितच झाले.

पण दोन्ही नगरांची स्तुती करून थांबलो तर मी अर्धेच सांगितल्यासारखे होईल. १९२३ च्या भूकंपानंतर टोकियोत अफवा उठली, की कोरियन लोक विहिरींत विष घालीत आहेत, आगी लावीत आहेत. मोहल्ल्यांतून रक्षणासाठी पथके निघाली. शेजारधर्म म्हणून निघालेल्या, पाळी लावून पहारा देणाऱ्या त्या सामान्य माणसांनी अनेक निरपराध कोरियनांना आणि काही चिनी माणसांनाही ठार मारले. पोलीस आणि लष्करातील लोकांचेही हात त्यात माखले होते. त्या दिवसांत प्रत्येकजण आपले काम करीत होता. ‘माझी हरकत आहे’ असे म्हणणारा क्वचितच कोणी निघाला. हरकत घेण्याची सवय नसलेल्या समाजात कर्तव्यसुद्धा किती भयंकर रूप घेऊ शकते, याचे हे उदाहरण आहे.

आणि लंडन? ज्या नगराने आगीवरून पहिला मोठा धडा घेतला, त्याच नगरात १४ जून २०१७ च्या पहाटे ग्रेनफेल नावाची चोवीस मजली इमारत पेटली आणि बहात्तर माणसे मेली. नूतनीकरणात इमारतीच्या बाहेरून लावलेले आवरण जळणारे होते. आग काही मिनिटांत वरपर्यंत चढली. तेथील रहिवाशांनी इमारतीच्या सुरक्षिततेबद्दल आधीच लेखी तक्रारी केलेल्या होत्या. २०२४ च्या चौकशीअहवालात असा निष्कर्ष निघाला, की एकूण एक मृत्यू टाळता येण्याजोगा होता. उत्पादक, कंत्राटदार, स्थानिक सभा, सरकार, प्रत्येकाने जबाबदारी पुढच्याकडे सरकविली होती. येथे हरकत होती, कायदा होता, अर्ज होते. पण ‘आता पाळी माझी आहे’ असे कोणालाच वाटले नाही. किंग हेन्रीज रोडवरच्या शेजाऱ्याची हरकत चौकशीपर्यंत पोहोचली, ग्रेनफेलमधल्या भाडेकरूंची पोहोचली नाही. हरकत सर्वांना असते, पण ती ऐकली जाणे अजून सर्वांच्या नशिबी नाही, हेही यातून दिसते.

तात्पर्य असे की लंडनला पाळीची वाण आहे आणि टोकियोला हरकतीची. दोन्ही नगरे हे हळूहळू शिकत आहेत. कोतोच्या लोकांनी गाड्या अडविल्या तेव्हा टोकियो हरकत शिकले, आणि त्यातूनच कचऱ्याची न्याय्य वाटणी झाली. एडोगावा विभागात हिंदी कुटुंबांची वस्ती वाढली. तेथे २०१९ च्या निवडणुकीत योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ विभागसभेवर निवडून आले. ज्या नगरात बाहेरच्या माणसाने मुकाट्याने रीत पाळावी अशी अपेक्षा असे, तेथे तो सभेत उभा राहून बोलला, ही लहान गोष्ट नव्हे. लंडनमध्ये १९३२ पासून महाराष्ट्र मंडळ आहे. हरकतीच्या त्या नगरात आलेल्या नवख्या माणसाला आपल्या भाषेत वाट दाखविण्याचे काम अशी मंडळे करतात. म्हणजे ती तेथे पाळीची रीत रुजवतात.

शेवटी एक गोष्ट सांगून मी रजा घेतो. ब्रिटनने जानेवारी २०१८ मध्ये एकाकीपणाच्या प्रश्नासाठी मंत्री नेमला. फेब्रुवारी २०२१ मध्ये जपाननेही तसाच नेमला. एका देशाची राजधानी हक्कांत पारंगत, दुसऱ्याची कर्तव्यांत. आणि दोघांनाही शेवटी कळून आले, की बंद दारामागे कोणी म्हातारे माणूस अनेक दिवस कोणाशी बोललेले नाही, आणि ते ओळखावयास कोणतेही खाते पुरे पडत नाही. गटार, आगगाडी, कचरा आणि पत्ता यांची व्यवस्था नगराला करता येते. पण त्या दारावर थाप कोणी मारावयाची, हे कायद्याने सांगता येत नाही आणि फिरत्या पाटीवर लिहिताही येत नाही. आपली गावे दिवसेंदिवस शहरे होत आहेत, वाडे जाऊन सदनिका येत आहेत, आणि जिन्यावर भेटणाऱ्या माणसाचे नाव आपणांस ठाऊक नसते. परक्या नगरांकडे पाहावयाचे ते त्यांचे मनोरे मोजण्यासाठी नव्हे. आग लागण्यापूर्वी काय शिकता येते, एवढे पाहिले तरी पुष्कळ झाले.